हिरवे पडलेले अण्णा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत चिपळूणच्या घरी भिंतीवरची अण्णांची तसबीर उतरवली. आई फडक्याने काच पुसता पुसता थांबली. म्हणाली, "अगं, अण्णा हिरवे पडलेत बघ."

ट्यूबलाइटखाली धरली तर खरंच. गाल, कपाळ, पांढरी टोपी, सगळ्यावर शेवाळाची झाक. दाराशी उजेडात नेली तेव्हा जरा बरे दिसले, पण तेही काविळीतून उठल्यासारखे.

अण्णा म्हणजे आईचे वडील, शाळामास्तर. १९६२ साली स्टुडिओत जाऊन काढलेली त्यांची कॅबिनेट साइजची ब्रोमाइड प्रिंट घरात होती. चार वर्षांपूर्वी तिच्यावरून एका स्टुडिओतून मोठी प्रिंट करून घेतली, फ्रेम केली, चंदनाचा हार घातला. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यात हिरवा कोणी घातलेला नव्हता. मूळ ब्रोमाइड कपाटातून काढून शेजारी ठेवली. कडेला चांदी वर आल्यासारखी चमक धरली होती, एक कोपरा कसरीने खाल्ला होता. पण साठ वर्षांनंतरही करडा तो करडाच. चार वर्षांचे अण्णा मात्र हिरवे.

चैत्रात या अंकाच्या संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय 'काळा'. काळा पैसा, काळी माती, काळी जादू असे विषय इतरांनी पटापट उचलले होते. मी म्हटलं, मला काळी शाई द्या.

भिंगाखाली

पुण्यात सदाशिव पेठेत, वाडा पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर एक प्रिंटर आहेत. प्रिंटर म्हणजे माणूस. पंचवीस वर्षं डार्करूममध्ये काढली, आता संगणकावर छापतात. छायाचित्रकार त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागले. खोलीत तीन मशिनं, खिडकीला जाड पडदा आणि भिंतीवर एकही फोटो नाही. "भिंत मोकळी लागते," ते म्हणाले, "नाहीतर डोळा तुलना करत बसतो."

त्यांनी तसबिरीच्या मागचे खिळे काढले, प्रिंट टेबलावर ठेवली आणि माझ्या हातात भिंग दिलं. "गाल बघा."

भिंगाखाली गाल नव्हताच. निळसर, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी विस्कटल्यासारखी पसरली होती. काळा ठिपका शोधून सापडेना.

"यात काळा नाहीच आहे!"

"आहे की. कोटात आहे, बुबुळात आहे. गालात कशाला असेल? गाल करडा. आणि ज्या मशीनवर हे छापलं, त्याच्याकडे करडी शाई नाही."

सगळी गोम इथे आहे. गल्लोगल्लीच्या स्टुडिओत दिसतं ते टाकीवालं मशीन बहुतेक सहा बाटल्यांचं असतं: काळा, सायन, मजेंटा, यलो आणि वर फिकट सायन, फिकट मजेंटा. काळा एकच, तोही गडद. त्याच एका काळ्याने फिका करडा करायचा तर ठिपके लांब लांब टाकावे लागतात, आणि मग आजोबांच्या गालावर मिरपूड सांडल्यासारखी दिसते. ते टाळायला मशीन युक्ती करतं. सायन, मजेंटा आणि यलो योग्य प्रमाणात एकत्र आले की डोळ्याला करडा भासतो, म्हणून ते रंगीत ठिपक्यांचा करडा बनवतं. गिऱ्हाईक खूश, स्टुडिओवाला खूश.

पण हा करडा तिवईवर उभा आहे. तिन्ही पाय एकाच वेगाने झिजले तर प्रश्न नव्हता. तसं होत नाही. मजेंटा विटला की हिरवा वर येतो, सायन विटला की लाल. मास्तरांचा अनुभव असा की उजेडाने गेलेल्या प्रिंट बहुतेक हिरव्या पडतात आणि हवेने गेलेल्या लाल. हवेने म्हणजे ओझोनने. झेरॉक्सच्या दुकानात दोरीला लावलेले नमुन्याचे फोटो बघा, काही महिन्यांत सगळे नवरदेव ऊन लागल्यासारखे लाल दिसतात. जुन्या पद्धतीची झेरॉक्स मशिनं स्वतःच थोडाफार ओझोन सोडत असतात.

रंगीत फोटोत एवढं विटणं खपून जातं. साडी थोडी फिकी झाली तर कोणाला कळतं? करड्याला मात्र लपायला जागा नाही. रंगाचा कणभर तोल गेला की डोळा लगेच पकडतो.

दाराशी नेऊन बघणं

दाराशी नेल्यावर अण्णा जरा बरे का दिसले, हे मला साडीच्या दुकानातल्या सवयीने समजलं. आपण पदर हातात घेऊन दुकानाच्या दाराशी जातो, कारण आतल्या दिव्यात जांभळी वाटलेली साडी बाहेर निळी निघते. उजेड बदलला की रंग बदलतो, आणि मिश्रणातून बनलेला रंग जास्त बदलतो. २००० सालच्या सुमाराला पिगमेंट शाईचे पहिले घरगुती फोटो प्रिंटर आले, तेव्हा करड्या प्रिंट बल्बखाली गुलाबी आणि खिडकीशी हिरव्या दिसतात म्हणून जगभरचे छायाचित्रकार डोकं धरून बसले होते. शाई दशकानुदशकं टिकेल असं एप्सन कंपनी सांगत होती. टिकत असेलही, पण फोटो नेमका कोणत्या खोलीत लावायचा?

उपाय सुचायला अवघड नव्हता. करडा हवा ना? मग करडीच शाई भरा. एप्सनने २००२ मध्ये काळ्याच्या जोडीला एक फिकट काळी दिली. पुढच्याच वर्षी एचपीने करड्या शायांचं स्वतंत्र कार्ट्रिज आणलं. २००५ मध्ये एप्सनच्या के-३ शाया आल्या. के म्हणजे काळा, आणि तीन म्हणजे काळा, फिकट काळा, अतिफिकट काळा. सोबत ड्रायव्हरमध्ये ब्लॅक अँड व्हाइटसाठी वेगळी सोय होती: मशीन मुख्यतः तीन काळ्यांनीच छापणार आणि छटा गरम-थंड करायला रंगीत शाई चिमूटभर. २०११ मध्ये कॅननने एक मशीन काढलं, त्यातल्या बारा शायांपैकी पाच काळ्या-करड्या होत्या. फिकट जागी फिकटच शाई पडत असल्यामुळे ठिपके दाट बसतात, मिरपूड दिसत नाही, आणि तिवई जवळपास नाहीशी होते.

चार पट्ट्या

मास्तरांनी ब्रोमाइड प्रिंट स्कॅन केली आणि अण्णांच्या डाव्या खांद्यापासून कपाळापर्यंतची पट्टी चार प्रकारे छापून दिली.

पहिली सहा बाटल्यांच्या मशीनवर, ग्लॉसी कागदावर. खोटं कशाला बोला, ताजी असताना ती चौघींत सगळ्यात झळझळीत होती. डाय शाई म्हणजे सरबतात विरघळलेली साखर. रंगाचा रेणू न् रेणू पाण्यात सुटा. तो कागदाच्या थरात आत उतरतो, वर काही उरत नाही, म्हणून चकाकी अखंड राहते. काळा खोल, पांढरा लख्ख. छटा किंचित निळसर, एवढीच तक्रार.

दुसरी, तीन काळ्यांची पिगमेंट शाई, तीही चकचकीत कागदावर. पिगमेंट म्हणजे ताकातली जिरेपूड. विरघळलेली नसते, बारीक कण तरंगत असतात. एकेका कणात हजारो रेणूंचा गठ्ठा असल्याने उजेड आणि ओझोन वरचा थर कुरतडतात, आतला शाबूत राहतो. म्हणून ती टिकते. पण कण कागदावर बसतात, आणि प्रिंट तिरकी केली की कोटाच्या काळ्यावर तांब्याच्या भांड्यासारखी झाक मारते. "ब्राँझिंग," मास्तर म्हणाले. "समोरून बघणाऱ्याला दिसत नाही. पण फोटो समोरून बघतंय कोण? सगळे सोफ्यावरून बघतात." काही मशिनांत यावर इलाज म्हणून रंगहीन शाईचा एक थर सगळ्यावर फिरवतात. म्हणजे पारदर्शक शाईचेही पैसे मोजायचे.

तिसरी पट्टी त्यांनी हट्टाने काढली. फक्त काळी शाई, बाकी सगळं बंद, मॅट कागदावर. मिरपूड तर होतीच, पण ती जुन्या वेगवान फिल्मच्या दाण्यासारखी दिसत होती. अण्णा वर्तमानपत्राच्या बातमीदाराने घाईत टिपल्यासारखे. मला ती आवडली. आईला दाखवू नका, मास्तर म्हणाले.

चौथी हातात घेतल्यावर मी काही बोलले नाही. मॅट सुती कागद, कुठेही चमक नाही. कपाळाकडून कानाकडे जाणारी सावली कुठे सुरू झाली ते बोट ठेवून दाखवता येईना. भिंग लावलं तरी ठिपके जेमतेम. आणि छटा करडी नव्हती, तर कोमट, चहाच्या डागाइतकी तपकिरी.

"यात तपकिरी कुठून आला?"

"कुठून नाही. ही नुसती काजळी आहे."

काजळ धरणं

निरांजनाच्या ज्योतीवर तांब्याची ताटली उपडी धरायची, जमलेलं काजळ बोटाने काढायचं, हे माझ्या आजीच्या पिढीपर्यंत घरोघरी चालायचं. तेच काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घातलं की शाई. पण नुसतं घालून चालत नाही, घोटावं लागतं. काजळीला पाणी आवडत नाही, ती गोळे करून तळाशी बसते. घोटता घोटता कणाकणाला डिंकाचं आवरण चढतं, कण एकमेकांपासून सुटे राहतात आणि बोरूतून सरळ उतरतात. पोथ्या अशाच शाईने लिहिल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद उघडला की कागद पिवळा, तपकिरी, कुरतडलेला असतो. अक्षर मात्र काळं. कार्बनला उजेड काही करत नाही, ओझोनही फारसं काही करत नाही. जळायचं तेवढं तो आधीच जळलेला असतो.

प्रिंटरमधली पिगमेंट काळी शाईही हेच करते. कार्बनचा कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. त्यावर डिंकाऐवजी राळेसारख्या कृत्रिम पदार्थाचं आवरण. बोरूच्या जागी नोझल. नोझलमधून सुटणारा थेंब दीड-दोन ते तीन-चार पिकोलिटरचा असतो. साडेतीन पिकोलिटर धरला तर एका मिलिलिटरमध्ये अठ्ठावीस कोटींहून जास्त थेंब होतात. घोटण्यात कसूर झाली तर बोरू अडखळला असता, इथे अख्खी ओळ कोरी जाते.

तुमच्या हातातल्या या अंकाची काळी शाईही काजळीचीच आहे बरं का. शेजारच्या पानावरच्या फोटोला भिंग लावून बघा. तिथे ठिपके ओळीने बसलेले आणि लहान-मोठे दिसतील. इंकजेटचे ठिपके विखुरलेले असतात. बाकी काळा तोच.

मग काजळी तपकिरी का? दाट थरात कार्बन काळाकुट्ट दिसतो, पण पातळ केला की बारीक कण उजेडातला निळा भाग जास्त खातात आणि उरलेला उजेड उबदार दिसतो. कण जितका बारीक, तितकी तपकिरी गाढ. म्हणून कंपन्यांच्या करड्या शायांमध्ये तटस्थ करडा मिळवायला थोडा निळा, थोडा जांभळट पिगमेंट मिसळलेला असतो. हा पाहुणा मुळच्या घरमालकाइतका टिकत नाही. दशकांनंतर तो विटला तर प्रिंट हळूहळू कोमट होत जाते. हिरवी पडत नाही, हे त्यातल्या त्यात सुदैव.

निव्वळ कार्बनवर पैज लावणारी माणसं मोठ्या कंपन्यांत नव्हती. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात छापखाना चालवणाऱ्या जॉन कोन यांनी २००० मध्ये पीझोग्राफी नावाची पद्धत आणली. साध्या एप्सन प्रिंटरमधले रंग काढून टाकायचे आणि प्रत्येक खाचेत काळ्याचीच वेगवेगळी पातळी भरायची. पुढे त्यांचा संच सात काळ्यांपर्यंत गेला. कॅलिफोर्नियातल्या पॉल रोर्क यांनी मॅट काळी शाईच निरनिराळ्या प्रमाणात पातळ करून करडे बनवण्याच्या कृती सगळ्यांना खुल्या करून दिल्या. आणि कंपनीच्या ड्रायव्हरला या शाया कळणारच नव्हत्या, म्हणून रॉय हॅरिंग्टन यांनी क्वाडटोन रिप नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं: कोणत्या करड्यासाठी कोणत्या खाचेतली शाई किती टाकायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. मास्तर तेच वापरतात. कृती वाचून दाखवत होते तेव्हा मला गोडा मसाला आठवला. सगळ्यांना जिन्नस माहीत, तरी प्रत्येकीचा वेगळा.

कागदाचा वाटा

शाईबद्दल बोलायला गेले होते, तर मास्तर अर्धा वेळ कागदाबद्दलच बोलले. काळा किती काळा, हे शाईइतकंच कागद ठरवतो. मॅट कागदावरचा सगळ्यात गडद काळाही त्याच्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे दोन टक्के परत फेकतो. चकचकीत किंवा बॅरायटा कागदावर तो अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरतो. मोजमापाच्या भाषेत घनता १.७ विरुद्ध २.३. डार्करूमच्या चांगल्या प्रिंटची घनता या दोहोंच्या मध्ये, दोनच्या थोडी वर. बॅरायटा म्हणजे बेरियम सल्फेटचा थर दिलेला कागद, जुन्या डार्करूमचाच वारसा. ज्यांना ब्रोमाइडची आठवण येते ते तो घेतात. ज्यांना चित्रासारखं काही हवं ते हानेम्युले फोटो रॅग घेतात, सुती, ३०८ जीएसएम. ज्या जर्मन गिरणीत तो बनतो ती १५८४ पासून कागद करते आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून.

दोन्ही कागदांना काळी शाई वेगवेगळी लागते. मॅट काळी चकचकीत कागदावर धरतच नाही, बोटाला लागते. एप्सनच्या बऱ्याच जुन्या मशिनांत दोन्हींना एकच नळी असायची. कागद बदलला की नळीतली शाई उपसून गटारात. "प्रत्येक बदलाला दोन चहाचे पैसे," मास्तर आधी म्हणाले, मग सुधारून, "चहाचे कुठले, जेवणाचे." त्यांच्या २०२० पासूनच्या काही मशिनांत दोन्हींना स्वतंत्र वाट मिळाली.

आणि कागद फार पांढरा नको. लख्ख पांढऱ्या कागदात कपड्यांच्या निळीसारखं चमक आणणारं रसायन असतं. ते विटलं की कागद पिवळतो, आणि लोक शाईला शिव्या देतात.

हेड चोक

निव्वळ कार्बन एवढा चांगला, तर सगळे का वापरत नाहीत? मास्तरांनी उत्तरादाखल मशीनचं झाकण उघडलं. आत ओल्या टिश्यूची घडी हेडखाली ठेवलेली. "परवा गावाला गेलो होतो. चार दिवस. आलो तर तिसरा नंबर बंद."

पिगमेंट शाई वाळते, कण बसतात, हेड चोक होतो. मग नोझल चेक, हेड क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. प्रत्येक क्लीनिंगला शाई सरळ वेस्ट पॅडमध्ये. डाय शाई मात्र विरघळून मोकळी होते, म्हणून स्टुडिओवाले तिच्यावर खूश असतात. बाहेरची शाई भरली की कंपनीची वॉरंटी विसरायची. बाटल्या हलवून ठेवायच्या, नाहीतर जिरेपूड तळाशी. रोज एक तरी पान छापायचंच, देवाला निरांजन लावावं तसं. हे व्रत आहे, धंदा नाही, असं माझं मत झालं. ज्याला वर्षातून दोन फोटो छापायचे त्याने या फंदात पडू नये, छापणाऱ्याकडे जावं.

टिकण्याचे आकडेही जपून वाचावेत. या विषयातलं मोठं नाव हेन्री विल्हेल्म, अमेरिकेतल्या आयोवातले. त्यांच्या चाचण्यांत शंभर वर्षं म्हणजे काचेमागे लावलेली प्रिंट, तिच्यावर रोज बारा तास ४५० लक्स उजेड. चिपळूणच्या माजघरात त्याच्या दशांशही उजेड नसतो. पण पावसाळ्यात तिथे पापड सादळतो, भिंतीला ओल येते, प्रिंट काचेला चिकटते. त्या ओलीचा हिशेब या आकड्यांत नाही. यावर मास्तरांचा तोडगा साधा होता: प्रिंट आणि काच यांच्यामध्ये माउंटबोर्डाची जाड चौकट, म्हणजे बोटभर हवा. मागे पुठ्ठा नको.

पट्ट्या मी घरी आणल्या. तिसरी ठेवून दिली, बाकी तीन, आणि स्टुडिओतून आणलेली बिननावाच्या रिफिल शाईची एक, अशा चार पश्चिमेच्या खिडकीत लावल्या, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून. चैत्रात लावल्या, भाद्रपदात काढल्या. बिननावाची उघड्या भागात लालसर आणि एवढी फिकी, की अण्णांची भुवई गेली होती. सहा बाटल्यांच्या पट्टीवर झाकणाची रेघ अंधुक उमटली होती. पिगमेंट आणि कार्बन या दोन्हींवर मला तरी रेघ सापडली नाही. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे; एक खिडकी, एक पावसाळा.

रफू

मोठी प्रिंट काढायची वेळ आली तेव्हा माझा जीव चौथ्या पट्टीत अडकला होता. मास्तर म्हणाले, ती तुमची आवड झाली. मूळ ब्रोमाइड थंड करडी आहे, तुमच्या आईने वडिलांना तसंच बघितलंय. शेवटी तीन काळ्यांची पिगमेंट शाई, मॅट सुती कागद आणि छटा तटस्थाच्या किंचित उबदार बाजूला, असं ठरलं. स्टुडिओवाल्याने फोटो उठावदार करायला कोट काळाठिक्कर केला होता. मास्तरांनी सावल्या मोकळ्या केल्या. पहिली प्रिंट त्यांनी लगेच बघू दिली नाही. "ओली आहे. उद्या या. वाळल्यावर काळा थोडा बसतो."

गणपतीत तसबीर चिपळूणला नेली. काच अजून बसवायची होती. आईने ट्यूबलाइट लावली, मग बंद केली, मग खिडकी उघडली. अण्णा तिन्ही वेळेला करडेच. तिने चष्मा पुसला आणि कोटाच्या खिशापाशी वाकून बघायला लागली. तिथे, काळ्यातल्या काळ्यात, दोन बोटं लांबीचा एक विणल्यासारखा पट्टा होता. हिरव्या तसबिरीत तो कधी दिसलाच नव्हता.

"हे रफू माझं आहे," आई म्हणाली. "फोटोला जायच्या आदल्या रात्री केलं होतं. कंदिलाखाली. मी सातवीत होते."

प्रिंटला हात लावायचा नाही, मॅट कागदावरची शाई घासली जाते, असं मास्तरांनी दहादा बजावलं होतं. ते सांगायला मी तोंड उघडेपर्यंत तिचं बोट रफूवर टेकलं होतं.